बिनचक्राची कौदी

आमच्या घरात चिंधी कधी फेकली गेली नाही. शिंप्यांचं घर ते. माझ्या माहेरची माणसं किती पिढ्यांपूर्वी इकडे आली हे कुणालाच धड सांगता येत नाही. लष्कराबरोबर तंबू शिवायला आली असं एक काका सांगायचे, आणि ते साफ खोटं आहे असं दुसरे काका म्हणायचे. एवढं मात्र खरं, की बंगळूरच्या पेठेत आमची दुकानं होती आणि त्यातलं एक अजून राजाजीनगरात चालू आहे, माझ्या भावाचं. तिथे शाळांचे गणवेश शिवतात. उरलेली कातरणं पोत्यात भरून माझ्याकडे येतात आणि मी त्यांच्या कौद्या शिवते. पुण्याकडे गोधडी म्हणतात, आम्ही इथल्या कन्नड लोकांसारखं कौदी म्हणतो. वस्तू एकच, थंडीत पांघरायची.

आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याची एक मुलगी भाड्याने राहते. मुलगी म्हणजे तशी तिशीची बाई, पण जीन्स घालून दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरते, म्हणून मला मुलगीच वाटते. इंदिरानगरात कुठल्याशा कंपनीत कंप्यूटरवर काम करते. आली तेव्हा मला काकू म्हणायची. मग गल्लीत सगळ्यांचं ऐकून अक्का म्हणायला लागली. ते मला आवडलं, पण मी तसं दाखवलं नाही.

सुरुवातीला ती माझ्या मराठीला हसायची. "अक्का, तुम्ही ‘स्वल्प थांब’ म्हणता ना, ते किती क्यूट वाटतं!"

"तू एका वाक्यात सहा इंग्रजी शब्द कोंबतेस, तेही क्यूटच आहे," मी म्हटलं. तेव्हापासून आमचं जमलं.

एका रविवारी ती खाली आली ती डोळे चमकवतच. "अक्का, एक आयडिया आहे. प्रोजेक्टच समजा. रिटायर्ड फौजींसाठी तिरंगी गोधड्या करायच्या. आमच्या ऑफिसातल्या मुली यायला तयार आहेत. फक्त शिवता कुणालाच येत नाही."

"मग येतं काय?"

"फोटो काढता येतात," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पहिली गोधडी आपण अप्पांना देऊ या."

अप्पा म्हणजे माझे यजमान. ते आतल्या खोलीत खुर्चीवर बसले होते आणि बंद टीव्हीकडे बघत होते. त्यांचं नाव निघालं नसतं तर मी त्या मुलीला चहा पाजून वर पाठवलं असतं. पण तिने त्यांचं नाव काढलं आणि माझ्या मनात एक वेडी आशा उगवली. त्या आशेपायीच मी त्या भानगडीत पडले.

ती आशा काय होती ते सांगायचं तर थोडं मागे जायला हवं. आमच्या जुन्या घरांत नवरा बायकोला नावाने हाक मारत नसे. अगं, ऐकलंस का, एवढ्यावर जन्म निघायचा. हे फौजेत लागले, आमचं लग्न झालं, आणि पहिल्या सुट्टीवर आले ते गल्लीच्या तोंडापासून माझं नाव घेऊन ओरडतच आले. कवायतीच्या मैदानावरचा आवाज तो. शेजारपाजारच्या बायका खिडक्यांत आल्या. सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला, त्यांच्याशी नव्हे, माझ्याशी. मला इतकी लाज वाटली होती की मी न्हाणीघरात जाऊन बसले, आणि तिथे बसून एकटीच हसत होते. पुढे प्रत्येक सुट्टीला तेच. निवृत्त होऊन घरी आले तरी भाजीची पिशवी घेऊन फाटकाशी पोचले की आधी माझं नाव. मी कितीदा म्हटलं असेल, अहो, लोकं काय म्हणतील. आता वाटतं, लोकं काय म्हणायची होती ती म्हणोत.

विसरणं हळूहळू आलं. आधी चष्मा. मग दुधाला गेलेले रिकाम्या हाताने परत. मग एकदा आपल्याच गल्लीत उभं राहून रिक्षावाल्याला घरी, राजाजीनगरला सोड म्हणून सांगत होते. डॉक्टर म्हणाले, हा आजार गोळ्यांनी थोडा सावकाश चालेल, थांबणार नाही. मी विचारलं, मग मी काय करू? ते म्हणाले, जपा. जपायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला अजून कळलेलं नाही. शिवण चुकली तर मी उसवते आणि पुन्हा घालते, जन्मभर हेच केलं. इथे कुठून उसवायचं तेच दिसत नव्हतं. गोळ्या मात्र वेळेवर देत राहिले.

माझं नाव गेलं ते गेल्या पावसाळ्यात. एक दिवस मला बाई म्हणाले. मला वाटलं थट्टा करताहेत. दुसऱ्या दिवशीही बाईच. कधी अम्मा. एकदा तर हात जोडून म्हणाले, "आपण फार करता माझ्यासाठी." मी स्वयंपाकघरात जाऊन एक पातेलं आपटलं. राग कुणावर काढायचा हेच समजत नव्हतं, म्हणून पातेल्यावर काढला. मुलगा परदेशातून फोन करतो, दर वेळी विचारतो, "अप्पांनी तुला हाक मारली का गं?" मी म्हणते, मारतील. मी त्यांना माझं नाव सांगूनही पाहिलं. ते आदराने ऐकून घेत, मान हलवत, आणि विचारत, "त्या कुठे असतात आता?"

तर आशा अशी होती, की चार जुने फौजी जमतील, यांचा सत्कार होईल, काहीतरी आत हलेल आणि हे घरी येताना फाटकाशी थांबून एकदा, फक्त एकदा, माझ्या नावाने ओरडतील. बाकी काही मला नको होतं.

दर रविवारी आमच्या हॉलमध्ये बायका जमू लागल्या. सगळ्या पुण्या-मुंबईच्या, नागपूरची एक. त्यांना मशीनवर धडाधड शिवायचं होतं. मी म्हटलं, मशीन मारायची असेल तर दुकानातून चादरी विकत आणा आणि वाटा. कौदी हातानेच शिवायची, साध्या धावदोऱ्याने, कडेकडून आत. पोटात जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड घालायचं. नवं कापड ऊब धरत नाही. पहिल्या रविवारी निम्म्याजणींनी बोटं टोचून घेतली. मी कुणाची गय केली नाही, वाकडा टाका दिसला की काढायला लावला. त्या मला मागे हेडमास्तर म्हणायच्या हे मला माहीत होतं.

रंगांचा प्रश्न नव्हता. भावाच्या दुकानातून पांढरं आणि हिरवं हवं तेवढं आलं, केशरी आम्ही घराघरांतल्या जुन्या साड्यांतून काढलं. वरच्या मुलीने मोबाइलवर झेंड्याचे नियम वाचले. झेंडा पांघरायचा नसतो, अंथरायचा नसतो, कंबरेखाली येऊ द्यायचा नसतो. मग तिनेच तोडगा काढला. "चक्र घालायचंच नाही. चक्र नाही म्हणजे झेंडा नाही. नुसते तीन रंग. एकदम सेफ." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही. कापडाकडे मी कापड म्हणूनच बघते, रंगाला रंग लावला की झालं. पट्टे तर पट्टे, असं म्हणून मी सुईत दोरा ओवला.

हे खुर्चीवर बसून सगळं बघत. मग आपण होऊन कातरणांच्या ढिगाशी आले आणि तुकडे सरळ करून रचू लागले. फौजेतल्या माणसाच्या हाताला घडीची सवय असते, ती गेली नव्हती. तळव्याने सुरकुती काढायची, कडेला कड लावायची, दाबायचं. हिरव्याचे तीन ढीग केले, गडद, मध्यम आणि फिका. बायका म्हणाल्या, "अप्पा, तुम्हीच आमचे स्टोअर मॅनेजर." ते खूश झाले. त्या रविवारी ते दोन पोळ्या जास्त जेवले, आणि मला वाटलं, चाललंय ते बरं चाललंय.

यांची कौदी मी एकटीने शिवली, कुणाला हात लावू दिला नाही. केशरी पट्ट्यासाठी मी माझी एक साडी कापली. उत्तरेकडच्या पोस्टिंगवरून सुट्टीला येताना यांनी ती आणली होती, आणि दर सणाला मी ती नेसले की पाहुण्यांना सांगायचे, ही मी आणलेली. साडीला कात्री लावताना वाईट वाटलं, पण म्हटलं, कपाटात ठेवून तरी काय उपयोग? त्या रंगावर हात पडला तर आठवेल. मधला पांढरा पट्टा यांच्याच झिजलेल्या सदऱ्यांचा. शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत तांदळाचे चार दाणे टाकले. ही आमच्या घरची रीत, कौदी उपाशी राहू नये म्हणून. वरच्या मुलीला ते फार आवडलं. तिने मग सगळ्याच कौद्यांत तांदूळ टाकायला लावले.

कार्यक्रम इंदिरानगरात झाला, त्यांच्या ऑफिसच्या हॉलमध्ये. माइक, फुलं, उपमा, फिल्टर कॉफी. म्हातारे फौजी इस्त्रीच्या शर्टावर पदकं लावून आले होते. कुणाला मुलाने गाडीतून आणलं, कुणी काठी टेकत आलं. देवनहळ्ळीकडचे एक म्हातारे दोन बस बदलून आले होते आणि सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. हे त्या सगळ्यांत बसले आणि त्यांची पाठ सरळ झाली. ते मी पाहिलं.

आता सत्कार म्हटला की आपल्याकडे काय करतात? शाल घालतात. मराठी असो की कन्नड, माणसाचा मान करायचा तर त्याच्या खांद्यावर काहीतरी पांघरायचं. आमच्यापैकी कुणी यावर विचारसुद्धा केला नाही. घडी हातात देणं कोरडं वाटलं असतं. म्हणून ठरलं, प्रत्येकाला पुढे बोलवायचं आणि कौदी उलगडून अंगावर घालायची.

सगळ्यांच्या आधी आलेले म्हणून पहिले देवनहळ्ळीचे म्हातारे. मुलीने हसत हसत कौदी उलगडली आणि त्यांच्या खांद्याकडे नेली. ते एकदम एक पाऊल मागे सरले.

"बेडा अक्का," ते म्हणाले. "कैयल्ली कोडी." नको, हातात द्या.

मुलीला वाटलं संकोच करताहेत. "अंकल, प्लीज!" असं म्हणून तिने ती घातलीच. टाळ्या पडल्या. म्हाताऱ्याने फोटो होईपर्यंत धीर धरला, मग कौदी खांद्यावरून काढली, हातावर घेतली आणि जागेवर गेले. मग मी पाहिलं, पुढचे सगळेच तसं करत होते. अंगावर घालू देत, आमचा मान राखत आणि लगेच काढून मांडीवरसुद्धा नाही, हातांवर धरून बसत. हॉलमध्ये टाळ्या वाजत होत्या आणि पुढची रांग शांत होती.

यांना घालायला मला बोलावलं. मी माझी कौदी यांच्या खांद्यांवर घातली, केशरी बाजू वर, गळ्याशी. यांनी टाचा जुळवल्या. हात बाजूला, नजर समोर, सावधान. टाळ्या थांबल्या, फोटो झाले, तरी हे हलेनात. मी म्हटलं, "अहो, बसा आता." डोळे समोर ठेवूनच यांनी हळू विचारलं, "बाई, हे कुणाचं?"

"तुमचं," मी म्हटलं. "तुमचंच आहे."

यांनी मान हलवली. कौदी काढून घेईपर्यंत बसले नाहीत.

निघताना ते देवनहळ्ळीचे म्हातारे माझ्याजवळ आले. रागावलेले नव्हते. मोडक्या मराठीत, कन्नड घालत म्हणाले, "अक्का, वाईट नका वाटून घेऊ. तुम्ही मायेने केलं. पण हे रंग आम्ही दुसऱ्यांच्या अंगावर घातलेत. पेटीवर. जिवंत माणसाच्या अंगावर ते घालत नाहीत." वरची मुलगी शेजारीच उभी होती. तिच्या हातातला कॉफीचा कप तसाच राहिला. म्हातारे मग म्हणाले, "उपमा चांगला होता," आणि बस गाठायला गेले.

घरी येताना फाटकाशी मी मुद्दाम रेंगाळले. यांनी फाटक उघडलं, मला आधी आत जाऊ दिलं आणि म्हणाले, "या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे घेऊन आत गेले तर यांनी कौदी पलंगावर पसरली होती आणि घडी घालत होते. केशरी पट्टा खाली दुमडला, हिरवा खाली दुमडला, पांढरा वर आला. मग दोन्ही बाजूंनी आत. तळव्याने दाबलं. मग त्या पांढऱ्या चौकोनावर बोट फिरवलं, काहीतरी शोधत. मिळालं नाही. सगळी घडी मोडली, कौदी झटकली आणि पुन्हा पहिल्यापासून.

तेव्हा मला आठवलं. निवृत्तीनंतर एकदाच, बसची वाट पाहत बसलो असताना, यांनी मला ती गोष्ट सांगितली होती. गेलेल्या जवानाच्या पेटीबरोबर त्याच्या गावाला जायची ड्यूटी यांना पुष्कळदा लागायची, कारण मराठी आणि कन्नड दोन्ही येत होतं. साहेब लोक हिंदीत बोलले तर त्या बायकांना काय कळणार? सगळं आटपलं की पेटीवरचा झेंडा काढायचा, घडी घालायची आणि त्याच्या बायकोच्या हातावर ठेवायची. घडी अशी पाहिजे की चक्र बरोबर वर आलं पाहिजे. ते नीट आलं नाही तर पुन्हा घालायची, कितीही माणसं बघत असली तरी. मग म्हणायचं, वहिनी, हे आता तुमच्याकडे. मी विचारलं होतं, त्या काय म्हणतात? हे म्हणाले, रडत नाहीत त्या वेळेला. सगळ्या एकच विचारतात, शेवटी काही बोलले का? मग तुम्ही काय सांगता? हे रस्त्याकडे बघत म्हणाले, "सांगतो, तुमचं नाव घेतलं. कुणी काही बोललेलं नसतं गं. बोलायला वेळ मिळतो कुठे? पण सगळ्यांना तेच सांगतो." मग बस आली. त्यानंतर हा विषय आमच्यात निघाला नाही.

आणि मी यांना चक्र नसलेला झेंडा घडी घालायला दिला होता.

त्या दिवसापासून दिवसभर तेच चालायचं. पोहे थंड, जेवण थंड. अंघोळीला नेलं तर ओल्या अंगाने परत पलंगाशी. कौदी जाड, तिची घडी झेंड्यासारखी बसते कुठे? तरी ती बसवायचे, पांढऱ्यावर बोट फिरवायचे, मग माझ्याकडे बघायचे, चुकीचं काहीतरी आपल्याच हातून झालं आहे अशा नजरेने. "आणखी एकदा करतो," म्हणायचे. "माणसं खोळंबलीत ना?" मी म्हणायची, कुणी खोळंबलेलं नाही हो, बसा. ते ऐकायचे नाहीत. एकदा मी कौदी उचलून माळ्यावर टाकली. तर घरभर शोधत फिरले, फडताळं उघडली, उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले आणि हात जोडून मला म्हणाले, "बाई, हरवलं तर मी तोंड कसं दाखवू?" मी स्टूल घेऊन माळ्यावर चढले आणि कौदी खाली आणली. उतरताना मला रडू येत होतं, पण तेव्हा रडायलाही सवड नव्हती, कारण हे खाली हात पसरून उभे होते.

वरची मुलगी रोज येऊन दारात उभी राहायची. "अक्का, सॉरी. मला खरंच सुचलं नाही. आपण दुसरी शिवू या का, फुलाफुलांची?" 

"फुलाफुलांची शिव आणि मला पांघरायला दे," मी खेकसले. तिचा चेहरा उतरला. तिची काय चूक? मी तिच्या हातात चहाचा कप दिला. ती जमिनीवर बसून यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आपण काहीच करू शकत नाही का?" मी म्हटलं, "गोत्तिल्ला." मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी झोपेची गोळी सांगितली. मी ती आणली आणि दिली नाही.

शेवटी मी भावाच्या दुकानात गेले आणि शाळेतल्या मुलींच्या पिनाफोरचं गडद निळं कातरण मागून आणलं. एक गोल कापला, आतून पोकळ. वरची मुलगी म्हणाली, "अक्का, चक्र घातलं तर मग तो झेंडाच होईल. नियमात बसत नाही."

"तुझा नियम तुझ्या मोबाइलमध्ये ठेव," मी म्हटलं. "माझा माणूस जेवत नाही."

हे दुपारचे डुलकी घेत होते तेव्हा मी पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यावर तो गोल शिवला. आरे निळ्या दोऱ्याने भरले, चोवीसच्या चोवीस. मुलगी शेजारी बसून मोजत होती. मला माहीत होतं मी काय शिवते आहे. चक्र मिळालं की घडी पुरी होणार, आणि घडी पुरी झाली की ती कुणाच्या तरी हातावर ठेवावी लागणार. घरात दुसरी बाई नव्हती. पण यांना तसंच त्या पांढऱ्यावर बोट फिरवत ठेवणं मला आणखी एक दिवस जमलं नसतं.

मुलगी वर गेली. हे उठले, तोंड धुतलं आणि पलंगाशी आले. कौदी पसरली. चक्र दिसलं तसे थांबले. त्यावर तळवा ठेवला. मग केशरी खाली, हिरवा खाली, दोन्ही बाजू आत. एका दमात, एकही चूक न करता. चक्र बरोबर मध्यावर आलं. यांनी शर्टाची गळपट्टी सारखी केली, घडी दोन्ही हातांवर घेतली आणि मोजून पावलं टाकावीत तसे माझ्यापुढे येऊन उभे राहिले. मी भाजी चिरत होते. हात पदराला पुसले आणि उठले.

"वहिनी," हे म्हणाले. आवाज तोच, गल्लीच्या तोंडावरून यायचा तो, फक्त खाली आणलेला. "हे आता तुमच्याकडे."

मी हात पुढे केले. कौदी जड होती. साडीचा केशरी तुकडा कडेने थोडासा दिसत होता. हे वाट बघत उभे होते. मला कळलं, अजून एक गोष्ट राहिली आहे आणि ती मलाच करायची आहे. त्याशिवाय यांची सुटका नाही.

"शेवटी काही बोलले का?" मी विचारलं.

"हो, वहिनी. तुमचं नाव घेतलं."

माझा स्वभाव मला कधी गप्प बसू देत नाही. इतक्या बायकांनी ते ऐकून घेतलं असेल, मला ऐकून घेता आलं नाही. "कोणतं नाव?" मी म्हटलं. "काय नाव घेतलं त्यांनी?"

यांचे ओठ हलले. डोळे माझ्या चेहऱ्यावर इकडून तिकडे फिरले, मग खाली जमिनीवर गेले. खोटं पकडल्यावर मुलं उभी राहतात तसे उभे होते, मान खाली. एवढ्या वर्षांत त्यांना हे कुणीच विचारलं नसणार. बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, तिचा आवाज येत राहिला. मला वाटलं, आता सांगतील. खरंच वाटलं.

मग मीच म्हटलं, "असू दे. घेतलं असेल." 

यांनी सुटल्यासारखा श्वास घेतला. खांदे सैल झाले. दाराकडे बघून म्हणाले, "मग मी निघतो. परत हजर व्हायचं आहे."

मी ती घडी छातीशी धरली आणि पाट सरकवला.

"बसा, भावजी," मी म्हटलं. "जेवून जा."

हे बसले. मी कौदी उंच फडताळावर ठेवली, चक्र वर, आणि भात वाढला. यांनी पोटभर खाल्लं.